केळीच्या चिकाचा डाग

आश्विनाचं ऊन चढायला लागलं, की मी माणसांचे खांदे बघायला लागते. ही खोड माझी मलाच कळते, पण जात नाही. नशिराबादच्या रस्त्याला केळीच्या गाड्या भरताना दिसल्या, की मी रिक्षावाल्याला थांबवते आणि बागेतून घड घेऊन बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचा सदरा न्याहाळते. कापडावर तो काळपट तपकिरी डाग कुठे पडलाय, ते बघते. रिक्षावाला मान वळवून विचारतो, "अक्का, कोणले दखी ऱ्हायनात?" मी म्हणते, "कोणाला नाही रे, डाग बघतेय." तो पुढे काही विचारत नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं त्याला वाटत असणार. वाटू दे बापडं.

आमच्या खानदेशातला आश्विन हा एक वेगळाच महिना आहे. पाऊस गेलेला, आणि ऊन मात्र राहिलेलं काम उरकायला आल्यासारखं तापतं. वेचणीला आलेला कापूस, सरकी काढणाऱ्या जिनांची दिवसभर चाललेली घरघर, हवेत तरंगणारी कापसाची पिंजर. ती दाराच्या कडीवर बसते, चहाच्या कपात पडते, केसांत अडकते आणि तरुण मुलींना एका दिवसात म्हातारं करून सोडते. केळीच्या बागांमध्ये मात्र गारवा असतो. आत शिरलं की फाटक्या पानांची सळसळ आणि ओल्या मातीचा, चिकाचा तुरट वास. आणि त्या काळी या सगळ्याबरोबर यायचा तो ताप. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आश्विन आला की अर्धा गाव गोधडीत कुडकुडायचा आणि उरलेला अर्धा आमच्या दवाखान्यासमोर रांगेत बसायचा. कंपाउंडर किनाईनचं मिश्रण बाटल्यांत ओतत राहायचा आणि बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवत राहायचा. त्या कडू वासाने आजही माझी भूक चाळवते. कुणाला शेवंतीच्या वासाने सण आठवत असेल, मला किनाईनच्या वासाने आठवतो.

मी तेव्हा नुकती डॉक्टर झाले होते. माहेर धुळ्याचं, पांझरेपलीकडे देवपुरात. नोकरीला आले जळगावात, नानांच्या दवाखान्यात. नाना म्हणजे इथले जुने डॉक्टर; रोगीही त्यांना नानाच म्हणायचे. उंच, सडसडीत, नाकावर घसरणारा चष्मा, आणि बोलणं असं तिरकस की नवा माणूस घाबरून अर्धा आजार घरीच ठेवून यायचा. लेडी डॉक्टर आली म्हणजे बाळंतपणं करणार, एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. नाना पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाळंतपणं तर तू करशीलच कुसुम. पण इथे ताप फार. तापाचा विचार करायला शीक."

आणि काय शिकवलं त्यांनी! दुपारी रांग संपली की पडवीत चहा यायचा आणि नाना माझ्यावर तुटून पडायचे. मी म्हणावं हिवताप, त्यांनी म्हणावं विषमज्वर. मी घाईघाईने विषमज्वराकडे वळावं, तर हे लगेच हिवतापाची वकिली करायला उभे. "दुसरं काय असू शकेल?" हा त्यांचा आवडता प्रश्न. तिसरं, चौथं नाव सांगेपर्यंत चहा निवून जायचा. मला कधी कधी रडू यायचं, पण खरं सांगायचं तर त्या भांडणाइतकी मजा मला दुसऱ्या कशातच यायची नाही. सकाळपासून माझे कान दुपारच्या कपबशीच्या आवाजाकडे लागलेले असायचे.

अशा त्या आश्विनात सुपडू आला.

शिरपूरकडचा माणूस. नशिराबादजवळच्या एका बागेत केळी कापायला राहिलेला. वय तिशीच्या आतलं, अंग काटक, पण बायकोच्या आधाराने पायऱ्या चढला तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. बायकोचं नाव बायजा. नानांना तिची अहिराणी भराभर कळेना, म्हणून तिने मला धरलं. मी धुळ्याची, ही भाषा मी भाजीवालीकडून, मोलकरणीकडून लहानपणीच उचललेली.

"बाई, यास्ले ताप शे," बायजा म्हणाली. "रोज संध्याकायले बठ्ठं आंग भट्टीसारखं व्हयी जास. मंग घाम सुटस."

"आणखी काय होतं?"

सुपडूनेच उत्तर दिलं. "खांदा दुखस, बाई. घड वाही वाही मना खांदा गया." आणि त्याने उजव्या खांद्यावर हात ठेवला.

बागाईतात खांदा दुखणं म्हणजे काही विशेष नाही. केळीची कापणी सुरू झाली की रोज दोन-चार जण खांदा धरून यायचे. भरलेला घड काही हलका नसतो, आणि तो जपून, न आपटता रस्त्यापर्यंत आणायचा असतो. एक फणी काळी पडली तरी व्यापारी नाक मुरडतो. अशा खांद्यांसाठी आमच्याकडे चोळायच्या तेलाची मोठी बरणीच होती. सुपडूला तेल दिलं आणि तापासाठी किनाईन दिलं. ताप हटला नाही.

मग त्याला दवाखान्यातल्याच खाटेवर ठेवून घेतलं. नानांनी छाती ठोकून पाहिली. उजवीकडे खाली आवाज बद्द येत होता, रिकाम्या माठाऐवजी भरल्या माठावर टिचकी मारावी तसा. थोडा खोकलाही होता. नाना म्हणाले, फुप्फुसाची सूज. पेनिसिलिन सुरू झालं. तेव्हा पेनिसिलिन म्हणजे आम्हाला अमृत वाटायचं. मी मोठ्या थाटात सुया उकळायचे, मोठ्या थाटात टोचायचे. सुपडू बिचारा निमूट कूस बदलायचा. ताप मात्र रोज दिवेलागणीला ठरल्यासारखा यायचा आणि पहाटे त्याला घामात भिजवून जायचा. त्याचा चेहरा मातकट होत चालला. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हिवतापाचे जंतू शोधले, सापडले नाहीत. पांढऱ्या पेशी मात्र खच्चून भरलेल्या. म्हणजे कुठेतरी पू साचत होता. कुठे, ते कळत नव्हतं. पू साचतच राहिला तर सुपडू राहणार नव्हता, एवढं मात्र आम्हा दोघांनाही कळत होतं.

बायजाला ते न सांगताच कळलं असावं. ती माझ्या वाटेत उभी राहायची. "बाई, यास्ले वाचाडा," एवढंच म्हणायची आणि पुन्हा नवऱ्याच्या पायाशी जाऊन बसायची. तिचं ते हळू आवाजातलं म्हणणं मला भारी जायचं.

त्यातच दसरा आला. "घरी जाऊन ये," नाना म्हणाले. "इथे बसून तू त्याच्याकडे टक लावून बघत राहणार, नि तो घाबरणार." मी रुसूनच एस.टी.त बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोन्ही बाजूंना कापूस पांढराशुभ्र फुटलेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र सुपडूची छाती.

आमचे अण्णा देवपुरातल्या शाळेत भूमिती शिकवायचे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. साऱ्या जगाचं त्यांनी असे चार भाग केले होते. भाजी खारट झाली तरी आईला विचारायचे, "पक्ष काय?" दसऱ्याला सोनं वाटून झालं, जेवणं झाली, आणि ओट्यावर पान लावत अण्णांनी विचारलं, "तुझं लक्ष कुठे आहे?" मी सगळं सांगितलं. अण्णांना वैद्यकातलं ओ की ठो कळायचं नाही, म्हणून अगदी सोपं करून सांगितलं. ताप आहे, छाती उजवीकडे बद्द वाजते, रक्तात पूची लक्षणं आहेत. उजवा खांदा दुखतो, पण तो घड वाहिल्यामुळे, तेव्हा तो सोडून द्यायचा.

"घड उजव्या खांद्यावर वाहतो, हे पक्षात दिलंय?" अण्णांनी विचारलं.

"दिलेलं नाही. पण ते उघडच आहे ना!"

"उघडच." अण्णांनी सुपारी कातरली. "सातवीत तू एका त्रिकोणात काटकोन धरलास. प्रमेयात कुठे म्हटलं नव्हतं. आकृती तशी दिसत होती, म्हणून धरलास. आठवतं?"

आठवत होतं. त्या काटकोनाने मला पहिला नंबर मिळू दिला नव्हता. पण त्या क्षणी मला जे झालं, ते कसं सांगू? अंगावर काटाच आला. आम्ही, दोन शिकलेसवरलेले डॉक्टर, इतके दिवस तो खांदा बाजूला काढून उरलेल्या माणसाचा विचार करत होतो. खांद्याचं कारण रोग्यानेच सांगितलं होतं, आणि बागाईतातला प्रत्येक जण तेच सांगत असल्यामुळे आम्ही ते तपासलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने मी निघाले. आई म्हणाली, "अगं, निदान शिळं सोनं तरी घेऊन जा नानांना." मी ती आपट्याची पानं मुठीतच घेऊन बसले. जळगाव येईपर्यंत त्यांचा चुरा झाला होता.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात बायजा सुपडूचा सदरा पिळत होती. तो सदरा मी रोज दोरीवर वाळताना पाहिला होता. रोज! केळीचा चीक कापडाला लागला की धोब्याच्या बापालाही निघत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सदऱ्याच्या एका खांद्यावर, पाठीपर्यंत उतरलेला, डागावर डाग पडून चामड्यासारखा झालेला एक पट्टा होता. दुसरा खांदा स्वच्छ. मी तिच्या हातून सदरा ओढूनच घेतला. पण डावं कोणतं, उजवं कोणतं? माझा असा काही गोंधळ उडाला, की मी तो ओलागच्च सदरा सरळ माझ्या पातळावरून अंगात चढवला. गुंड्या पुढे घेतल्या. डागाचा खांदा माझ्या डाव्या हाताला आला.

मी मोठ्याने हसले. बायजा दचकून मागे सरली. "हासतस काय, बाई?" तिचे डोळे भरून आले होते. नवरा खाटेवर मरणाच्या दारात, आणि ही डॉक्टरीण त्याचा सदरा घालून अंगणात हसतेय! मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "बायजा, अगं, वाट सापडली म्हणून हसतेय." तिला काय कळलं कोण जाणे, पण तीही रडता रडता हसली.

मी तशीच आत धावले. "सुपडूभाऊ, घड कोणत्या खांद्यावर घेता?"

"डावावर," तो म्हणाला. "जेवना हातमा विळा ऱ्हास ना, बाई!" खरंच की. जेवणाच्या हातात, म्हणजे उजव्यात, विळा. मग घड दुसऱ्या खांद्यावरच येणार. सगळा बागाईत असाच कापतो.

नाना दारात उभे होते. ओला सदरा घातलेल्या मला त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुतळ्यासारखं तोंड करून म्हणाले, "मग उजवा हात विळा चालवून दुखत असेल. त्यात एवढं नाचण्यासारखं काय आहे?"

हे मात्र खरं होतं. हेच तर त्यांचं कसब! डागाने एवढंच सांगितलं होतं, की खांद्याचं दुखणं घडामुळे नाही. ते कशामुळे आहे, हे डाग सांगू शकत नव्हता. मग मला सुचलं. मी सुपडूचा उजवा हात धरला, वर नेला, मागे नेला, गोल फिरवला. "दुखतं?"

"नही."

खांदा दाबला. "इथे?"

"नही, बाई."

"आता एक मोठा श्वास घ्या. छाती भरून."

त्याने श्वास ओढला, तो अर्ध्यावरच तुटला. "आई वं!" म्हणून तो कळवळला, आणि त्याचा हात गेला कुठे? उजव्या खांद्यावर.

हात हलवून न दुखणारा खांदा श्वास घेऊन दुखतो! देवळात दोरी खाली ओढावी आणि घंटा वर वाजावी, तसं हे असतं. यकृताच्या माथ्यावर श्वासाचा पडदा, आणि त्या पडद्याची नस येते मानेतून, खांद्याच्या शेजारून. खाली यकृतात काही बिनसलं आणि पडदा चिडला, की माणूस खांदा धरतो. मी नानांकडे पाहिलं. त्यांचे डोळे लुकलुकत होते. त्यांनी पुढे होऊन बायजाला एकच विचारलं, आधी कधी आव पडली होती का? मी ते तिच्या भाषेत विचारलं. "पडनी व्हती, आखाडमा," बायजा म्हणाली. "बेलफळ दिधं, बरी व्हयनी. ते तं सरी गयं ना, बाई. तुमी तापनं इचारं." आम्ही तापाचंच विचारलं होतं, त्यात तिची काय चूक? आषाढात आव झाली, बरी झाली, आणि तिने मागे ठेवलेलं गळू आश्विनात यकृतात पिकलं होतं.

दुपारचा चहा आला, पण त्या दिवशी भांडण वेगळं होतं. मधल्या वेळात काढून घेतलेल्या एक्स-रेत उजवीकडचा पडदा वर चढलेला दिसला होता, तरी नानांनी उलटतपासणी सोडली नाही. "गळू नसलं तर? यकृतात सुई घातली आणि आत रक्त सुटलं तर?" मी म्हटलं, "आणि असलं, नि आपण थांबलो, नि ते छातीत फुटलं तर?" औषध होतं, एमेटिन. पण ते हृदयाला झोंबणारं, आणि सुपडूची नाडी आधीच धावत होती. नानांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाले, "चूक होणारच असेल, तर जी निस्तरता येईल ती करावी. गळू फुटलं तर आपल्या हातात काही नाही. सुईने रक्त आलं तर निदान आपण तिथे असू." मी पुढे कित्येक वर्षं डॉक्टरकी केली, पण निर्णयाबद्दल याहून शहाणपणाचं काही ऐकलं नाही.

एमेटिन त्याच दिवशी सुरू केलं. नाडी नानांनी स्वतः धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या लख्ख उजेडात, सुपडूला डाव्या कुशीवर निजवलं. त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "करा, बाई. तुमना हातमा शे." नानांनी सुई उचलली आणि माझ्या हातात दिली. "खांदा तुझा. सुई तूच घाल."

कातडी बधिर करून मी पुस्तकात सांगितलेल्या जागी सुई घातली. दट्ट्या ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. कोरडी! माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. बाहेर बायजाच्या बांगड्या वाजल्या. दुसरं काय असू शकेल? गळू नसू शकेल. किंवा गळू असेल, पण पुस्तकाच्या जागी नसेल. मी सुई काढली आणि बोटाने एकेक बरगडीची फट दाबत मागे सरकले. इथे? नही. इथे? नही. इथे? सुपडूचं सगळं अंग ताठलं. बोटाच्या टोकाएवढीच जागा. तिथे पुन्हा बधिर केलं, सुई घातली आणि दट्ट्या ओढला.

काचेच्या नळीत तपकिरी पू चढायला लागला. दाट, संथ, काळपट तपकिरी. सदऱ्यावरच्या त्या डागाच्याच रंगाचा! नानांनी हातातली थाळी पुढे केली आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघालं, गाण्याच्या बैठकीत निघावं तसं. माझे हात स्थिर होते, पण आत नुसती दिवाळी चालली होती. पिचकारी भरत होती, रिकामी होत होती, पुन्हा भरत होती. आणि मग सुपडूने हळूच, घाबरत घाबरत एक श्वास घेतला. पूर्ण. त्याने माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाला, "बाई, खांदा ऱ्हायना!" खांद्याचं दुखणं थांबलं होतं.

त्या संध्याकाळी ताप जेमतेम चढला. चार-सहा दिवसांनी तर सुपडू रुसून बसला, की दवाखान्याची पेज नको. "माले भाकर जोयजे. कळनानी. नि ठेचा." बायजा पदराआडून हसत होती. नानांनी भाकरीची परवानगी दिली, ठेच्याची नाही दिली, आणि त्यावरून दवाखान्यात मोठंच रण माजलं.

आता पोटावरून यंत्र फिरवलं की पडद्यावर गळू दिसतं. तरुण डॉक्टर मला दाखवतात आणि मला हेवा नाही, आनंदच होतो. फक्त यंत्र कुठे फिरवायचं, हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं. ते सुचतानाची जी झिणझिणी आहे, ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली की मी ओळखते. मग मीही म्हातारपण विसरून खुर्ची पुढे ओढते आणि विचारते, "दुसरं काय असू शकेल?"

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली. जिनं अजून घरघरत होती, पण उन्हाचा कडकपणा ओसरला होता. मी आणि नाना पडवीत चहा घेत असताना फाटकातून सुपडू आत आला. अंगावर दिवाळीचा नवा पांढरा सदरा आणि खांद्यावर केळीचा भलामोठा, ताजा कापलेला घड. मागून बायजा तणतणत येत होती. "दखा ना, बाई! गाडीवर ठेव सांगं तं ऐकस नही. रस्ताना कोपरापाईन याना डोकावर भूत बसनं. नवा सदरा व्हता!"

सुपडूने घड जपून पडवीत उतरवला आणि पाठ सरळ करून माझ्यापुढे उभा राहिला. "जेवना खांदावर लई उनू, बाई," तो म्हणाला. "दखा, जराबी दुखनं नही."

"मोठा श्वास घे पाहू," नाना म्हणाले. त्याने छाती फुगवून असा श्वास घेतला, की वरची गुंडी तुटून पडवीत घरंगळत गेली.

"आते हाऊ डाग जावाव नही," बायजा अजून कुरकुरत होती. मी उठून जवळ गेले. पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर चिकाचा ओघळ उतरला होता. मी त्याला बोट लावून पाहिलं. अजून ओला होता, रंग चढायचा होता.